आकाशातून कोठडीत

स्तानिस्वाव स्काल्स्की हे दुसऱ्या महायुद्धातले पोलंडचे सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक. 1939 मध्ये ते मायदेशाच्या आकाशात लढले, 1940 मध्ये ब्रिटनच्या. 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्यांच्या तुकडीला तर ‘स्काल्स्कीची सर्कस’ म्हणत. 1947 मध्ये ते घरी परतले. पण ब्रिटिशांच्या बाजूने लढला तो हेरच, असा नव्या कम्युनिस्ट राजवटीचा हिशेब! 1948 मध्ये अटक, मग छळ, आणि 1950 मध्ये फाशीची शिक्षा. ती पुढे जन्मठेपेवर आली. स्टालिन गेला, वारं फिरलं, 1956 मध्ये स्काल्स्की सुटले. आणि गंमत बघा, ज्या राजवटीने कोठडीत टाकलं, तिच्याच हवाई दलात ते पुन्हा रुजू झाले. 1988 मध्ये जनरलही झाले.