दुबार पेरणी करण्याआधी

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



मघाशी फुलंब्रीकडच्या एका भावाने विचारले, 'विरोधी पक्षाचे पुढारी आपल्या मेळाव्याला यायचे म्हणतात. पुढच्या खेपेला तेच येणार असतील, तर आतापासून त्यांना मंचावर बसवायला काय हरकत आहे?' प्रश्न व्यवहाराचा आहे. पण तेच येणार का, हे आधी पाहू.

पेरणी मोडली की आपण लगेच दुसरी थैली फोडत नाही. तासात बसतो, माती उकरतो, बी वर काढून बघतो. कुजले, की मुंग्यांनी नेले, की ओलच पुरली नाही, की बियाणेच बोगस होते? मी कृषी पदवी घेतली, पण हे मला कॉलेजात नाही, बांधावर कळले. सत्ता गेलेल्या पक्षाने निदान एवढे तरी करावे. आपल्या राज्यात ते कोणी मनापासून केलेले दिसत नाही.

१९९५ ची गोष्ट घ्या. काँग्रेसचे १९९० ला १४१ आमदार होते, ते ८० वर आले. अपक्षच ४५ निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसचे रुसलेले. युतीचे सरकार बसले. तीन वर्षांत लोक त्यालाही विटले आणि १९९८ च्या लोकसभेला काँग्रेस व मित्रपक्षांच्या पदरात ४८ पैकी ३८ जागा टाकल्या. एवढे पीक हाती आल्यावर यांनी काय केले? वर्षभरात पक्षच फुटला. १९९९ च्या विधानसभेत काँग्रेसला ७५ आणि नव्या राष्ट्रवादीला ५८. म्हणजे हरताना ८० आणि सत्तेत परत येताना ७५! युती १२५ वर अडली, म्हणून दोघे पुन्हा एका पंगतीला बसले आणि विलासराव मुख्यमंत्री झाले. बेरीज जमली, विश्वास जमला नव्हता. २०१४ ला तो हिशेब पुरा झाला.

आता २०२४ बघा. कापूस, सोयाबीन, कांदा, सगळ्याच भावांनी लोक पोळलेले होते. जूनच्या निकालात मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला. संभाजीनगरची तेवढी शिंदे सेनेला गेली. पण फुलंब्री, सिल्लोड, पैठण हे आपले भाग जालन्यात मोडतात आणि तिथे काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले. नोव्हेंबरात काय झाले? आपल्या जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीला! राज्यभरात आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६.

पाच-सहा महिन्यांत माणसे बदलली का? नाही. जूनचे मत रागाचे होते. यांनी ते सातबाऱ्यावर चढवून टाकले. तिकडे ऑगस्टपासून लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याचे १५०० रुपये पडू लागले होते. निंदणीला जाणाऱ्या बाईला ते किती असतात, हे तिलाच विचारा. यांनी उत्तर काय दिले? आम्ही ३००० देऊ. हातातले १५०० सोडून कागदावरच्या ३००० वर कोण भुलेल? त्यात लोकांची आठवण पक्की. २००४ ला निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपाला वीज फुकट केली होती आणि निवडून आल्यावर २००५ ला ती काढून घेतली होती. ते सरकार यांचेच.

पराभवानंतर मतयंत्रावर आणि मतदारयादीवर बोट ठेवले गेले. यादीत घोळ असेल तर तो तपासलाच पाहिजे. पण त्यामुळे स्वतःचे बी उकरून बघायचे टळत नाही.

आणि उकरले तर काय सापडेल? मार्च २०१२ मध्ये दिल्लीतल्या काँग्रेसच्या सरकारने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये भाजपच्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याच्या वेळी. एकाने बाहेर जायचा दरवाजा लावला, दुसऱ्याने आत यायचा उघडला. दोन्ही वेळा गिरणीला स्वस्त कापूस मिळावा, हाच हेतू. शुल्क उठले तेव्हा विरोधकांनी टीका केली, बरोबरच केली. पण २०१२ चे आमचे चुकले, असे कोणी म्हटले का? ते म्हटल्याशिवाय उद्या सत्ता आली तर हे वेगळे वागतील, असे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?

त्यांचीही एक अडचण आहे, ती खरी आहे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही, प्रशासकच बसला. गावातला कार्यकर्ता घडतो तो तिथेच. विरोधी पक्षाची खालची मुळे त्यात सुकली. पण ज्वारीचे मूळ पाण्याच्या शोधात खोल जाते, पाणी आपल्याकडे येईल म्हणून वाट बघत नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत झाडावर बोंडे सडली, तेव्हा तुमच्या शिवारात पंचनाम्याला तलाठ्यासोबत कोण उभे होते, ते तुम्हीच आठवा. ज्याचे नाव आठवेल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला बोलवायला माझी ना नाही.

तेव्हा फुलंब्रीच्या भावाला माझे उत्तर असे. येऊ द्या त्यांना. पण मंचावर नाही, सतरंजीवर, आपल्यासोबत. आधी पत्र पाठवू आणि त्यात दोनच गोष्टी विचारू: २०१२ ची निर्यातबंदी चूक होती का, आणि सत्तेत आल्यावर वेचणीच्या हंगामात आयात शुल्क उठवणार नाही, असे लिहून देता का? सत्ताधाऱ्यांनाही तेच पत्र जाईल. मजकूर मी आज संध्याकाळी लिहितो, तालुकाप्रमुखांनी सह्या करूनच घरी जावे.