पुळणीवरचे हत्ती सील

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे 90 किलोमीटर अंतरावर, आन्यो नुएवो नावाचे भूशिर आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दांचा अर्थ नववर्ष असा होतो. 1603 सालच्या जानेवारीच्या आरंभी सेबास्तिआन विस्काइनो या दर्यावर्द्याची जहाजे येथून गेली, त्यावरून हे नाव पडले. उत्तरेकडील हत्ती सीलांचे नववर्षही, एका अर्थी, येथेच सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत या पुळणीवर कोणालाही एकट्याने जाता येत नाही. मार्गदर्शकामागोमाग लहानशा गटाने वाळूच्या टेकड्यांमधून चालत जायचे आणि कोणत्याही प्राण्यापासून निदान आठ मीटर दूर थांबायचे, असा तेथला दंडक आहे.

प्रथमदर्शनी पुष्कळांचा हिरमोड होतो. समुद्राने ओंडके आणून टाकावेत तशी शेकडो राखी-तपकिरी धुडे वाळूत पडलेली असतात. एखादे धूड मधूनच पुढच्या पायाने वाळू उपसते आणि आपल्याच पाठीवर उडवते. अंगाचा ताप कमी करण्याचा हा त्याचा उपाय. कोणी जांभई देते, कोणी शेजारणीवर खेकसते, आणि पुन्हा सर्वत्र सामसूम होते. पाहणाऱ्याने मात्र निघण्याची घाई करू नये. एकाच झोपलेल्या सीलावर नजर ठेवून हाती घड्याळ धरले, तर ध्यानात येते की त्याचा श्वासोच्छ्वास थांबलेला आहे. पाच मिनिटे जातात, दहा जातात, क्वचित वीसही. मग मिटलेल्या नाकपुड्या उघडतात, छाती भात्यासारखी हलू लागते, आणि काही वेळाने पुन्हा तेच मौन.

या सवयीचे मूळ समुद्रात आहे. वर्षातील आठ ते दहा महिने हा प्राणी उत्तर पॅसिफिक महासागरात काढतो आणि तेथे रात्रंदिवस बुड्या मारीत असतो. एकेक बुडी वीस-पंचवीस मिनिटांची, चारशे ते सहाशे मीटर खोलीची. दोन बुड्यांमध्ये पृष्ठभागावर दोन-तीन मिनिटांचा विसावा. त्याची सर्वांत खोल बुडी दीड हजार मीटरांच्याही पलीकडे गेल्याची नोंद आहे. मग तो झोपतो केव्हा? मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणारी उपकरणे माद्यांच्या डोक्यावर बसवून केलेले संशोधन 2023 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळाले. समुद्रात असताना त्या दिवसाकाठी सरासरी अवघे दोन तास झोपतात, तेही बुडी मारलेली असतानाच; गाढ झोपेत शरीर उलटे होते आणि गळलेल्या पानाप्रमाणे गिरक्या घेत खाली जात राहते. पुळणीवर मात्र हीच झोप दहा तासांच्या वर जाते. ओंडक्यांसारख्या त्या धुडांकडे पाहताना इतके ध्यानात ठेवले, तर त्यांना आळशी म्हणण्याचे धाडस होणार नाही.

आता नरांकडे वळू. ते नोव्हेंबरअखेरीपासून येऊ लागतात. पूर्ण वाढलेला नर चार मीटरांहून अधिक लांब असतो आणि वजनाने दोन हजार किलोग्रॅमच्याही पुढे जातो; मादी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची. हत्तीची आठवण करून देणारी लोंबती सोंड नरालाच असते. ती आत घेऊन तो घशातून ठोक्याठोक्याने जो आवाज काढतो, तो दूरवर ऐकू जातो. प्रत्येक नराच्या ठोक्यांची लय आणि आवाजाचा पोत वेगळा असतो आणि प्रतिस्पर्धी त्यावरून नेमका कोण ओरडतो आहे हे ओळखतात, असे 2017 सालच्या एका संशोधनाने दाखवून दिले. बहुतेक तंटे आवाजावरच मिटतात. न मिटले, तर दोन प्रचंड देह छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेत सुळे रुतवतात. जाड झालेल्या, चिरांनी भरलेल्या गळ्यावरून म्हातारा नर ओळखता येतो. सुमारे तीन महिने तो अन्नाचा कणही घेत नाही. कारण समुद्रात उतरला की जागा गेलीच. अंगावरची चरबी हेच त्याचे भांडवल, आणि हंगामाअखेर त्याचा सुमारे तिसरा हिस्सा वजन घटलेला असतो.

माद्या गाभण अवस्थेतच येतात आणि पाच-सहा दिवसांत प्रत्येकी एका काळ्याभोर पिल्लाला जन्म देतात. चार आठवडे उपाशी राहून त्या पिल्लाला पाजतात. दुधातील चरबीचे प्रमाण वाढत वाढत अर्ध्याच्याही वर जाते; 35-40 किलोग्रॅमचे पिल्लू महिन्याभरात 130 किलोग्रॅमच्या आसपास पोचते आणि आई तेवढीच वाळते. चुकून दुसरीकडे सरकलेल्या पिल्लाला परकी मादी चावून हुसकावते. तरीही काही पिल्ले, विशेषतः नर, झोपलेल्या परक्या आयांचे दूध चोरण्यात तरबेज होतात. प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणारा नर वाटेत कोण आहे हे पाहत नाही, आणि त्या वजनाखाली पिल्ले चिरडून मरतात. प्रेक्षकांपैकी कोणीतरी अशा वेळी किंचाळते. मार्गदर्शक मध्ये पडत नाही, आणि ते योग्यच आहे.

दूध तुटण्याआधीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत समागम होतो. नर मादीच्या पाठीवर पुढचा पाय टाकतो, मानेला दातांनी धरतो. बहुधा ती मोठ्याने ओरडून विरोध करते, वाळू उडवते, धडपडते. या ओरडण्याचा परिणाम दूरगामी असतो: ते ऐकून आसपासचे नर सावध होतात, आणि चढाई करणारा दुय्यम असेल तर वरचढ नर त्याला पळवून लावतो. मादीची ही ओरड अशा रीतीने निवडीचेच काम करते, असे निरीक्षण 1977 साली संशोधकांनी मांडले. कळपातून निघून मादी पाण्याकडे जाऊ लागली की काठावर ताटकळणारे नर तिच्या वाटेत आडवे येतात; त्यात काही माद्या जखमी होतात, क्वचित मरतातही. हे दृश्य रम्य नाही आणि ते रम्य करून सांगण्याचे कारणही नाही.

बर्नी ल बफ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाअखेरीपासून या पुळणीवर प्राण्यांच्या अंगावर खुणा करून कोणाचा कोणाशी समागम झाला याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून निघालेला हिशेब विलक्षण होता. शेकडा चार नरांच्या वाट्याला चार-पंचमांशाहून अधिक समागम गेले होते. बहुसंख्य नर पितृत्वाची संधी न मिळताच मरतात.

या हिशेबाचे गांभीर्य कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी या प्राण्यांची इतकी कत्तल झाली, की 1880 च्या दशकाअखेर ते नामशेष झाल्याचे मानले गेले. 1892 साली चार्ल्स टाउनसेंड आणि आल्फ्रेड अँथनी यांना मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर आठ-नऊ हत्ती सील आढळले. त्यांपैकी सात त्यांनी संग्रहालयासाठी मारले. पृथ्वीवरील अखेरचे मानून नमुने घेतले, आणि घेताना ते जवळजवळ अखेरचे करून सोडले! सुदैवाने आणखी काही समुद्रात होते; त्या काळी एकूण शंभरही उरले नसावेत. 1922 साली मेक्सिकोने ग्वादालुपे बेटावर संरक्षण दिले. आन्यो नुएवोच्या बेटावर, जेथील दीपगृह 1948 साली बंद पडले होते, तेथे 1955 मध्ये हे प्राणी पुन्हा दिसले. 1961 साली तेथे पहिले पिल्लू जन्मले आणि 1975 साली समोरच्या मुख्य भूमीवर. 1990 साली दक्षिणेकडील पिएद्रास ब्लांकास येथे दोन डझनांहूनही कमी प्राणी आले होते. आज तेथे वर्षभरात हजारो येतात आणि रस्त्यालगतच्या लाकडी मार्गावरून वाटसरू त्यांना पाहतात. एकूण संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे.

ही मोजदाद सुखावणारी आहे, पण पुरेशी नाही. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच वसाहतींतील दीडशेवर सीलांच्या रक्तातील प्रथिने तपासली गेली, आणि त्यांत आनुवंशिक वैविध्य मुळीच आढळले नाही. मूठभर पूर्वजांची ही संतती. त्यातही दर पिढीला पितृत्व मूठभर नरांकडेच. कुळ आधीच अरुंद झालेले, आणि पुळणीवर जे चालते त्याने ते रुंद होण्याला अडसरच होतो. वैविध्य नसलेल्या समूहात एकाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो, ही भीती जीवशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून व्यक्त करीत आले आहेत. दक्षिणेकडील हत्ती सील ही निराळी जात आहे. 2023 साली अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर पक्ष्यांमधून आलेल्या इन्फ्लुएंझाने तिची सतरा हजारांवर पिल्ले एका हंगामात मेली. किनारा वेगळा होता, गर्दी मात्र तशीच एकमेकांना खेटलेली होती.

मार्चमध्ये आन्यो नुएवोची पुळण ओसरते. आया केव्हाच निघून गेलेल्या असतात. समागम झाला की त्या पिल्लाकडे वळूनही न पाहता समुद्रात शिरतात. मागे राहतात ती दूध तुटलेली, रुपेरी अंगाची, गोलमटोल पिल्ले. त्यांना पोहणे कोणी शिकवत नाही. संध्याकाळच्या सुमारास ती उथळ डबक्यांत उतरतात, डोके पाण्याखाली घालतात, श्वास रोखून धरतात आणि धापा टाकीत पुन्हा वाळूवर येतात. दोन-अडीच महिने चरबीवर गुजराण करून, वजन घटल्यावर, ती एकेक करून दिसेनाशी होतात. त्यांपैकी निम्मीही पुढच्या वर्षाच्या अखेरीस परतत नाहीत. जी परततात, ती पुन्हा येऊन ओंडक्यासारखी पडून राहतात.