आजीची चाल आणि पंचवीस चित्रं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



नागपूरहून वर्ध्याकडे जाताना केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ते नाव बहुतेकांच्या ओळखीचं आहे. माझं आजोळ तिथलं. १९९४ साली धाकट्या मामाचं लग्न झालं, तेव्हा व्हिडिओ शूटिंग केलं होतं. वरात, पंगत आणि दुसऱ्या दिवशी नवरानवरीला गणपतीच्या दर्शनाला नेलं तो प्रसंग. त्यात आजी टेकडी चढताना दिसते. तिचं हलतंचालतं चित्र आमच्याकडे एवढंच, जेमतेम दीड मिनिटाचं.

कॅसेटला पुढे बुरशी लागली. पण मामानं त्याआधीच तिची डीव्हीडी करून ठेवली होती. गेल्या वर्षी मामेबहिणीनं ती एका दुकानात देऊन मोबाइलवर चालेल अशी फाइल करून आणली. घरचे सगळे जमले. आजी टेकडी चढू लागली, पण झटके खात. मामी म्हणाल्या, "काऊन जी, सासूबाई अशा थांबून थांबून काऊन चालून राहिल्या?" ज्या पोरांनी पणजीला कधी पाहिलंच नव्हतं, त्यांना वाटलं की ती अशीच चालायची. आजी उजवा पाय जरा ओढायची हे खरं, पण ते झटके तिचे नव्हते. तेव्हा ते कुठून आले, हे शोधणं भाग होतं.

व्हिडिओ अडखळला की आपण पहिला आळ मोबाइलवर घेतो किंवा कॉम्प्युटरवर. कधीकधी तो खराही असतो. एक सोपी परीक्षा सांगतो. जिथे झटका बसला तिथून दहा सेकंद मागे जा आणि पुन्हा बघा. झटका दर वेळी नेमक्या त्याच जागी येत असेल तर दोष बहुधा फाइलमध्ये आहे. जागा बदलत असेल तर फाइल ठीक आहे, यंत्राला दम लागतोय. मग ती पेन ड्राइव्हवरून न चालवता आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या. तरीही अडखळली तर ती कोणत्या पद्धतीनं दाबून बसवली आहे ते बघा. एच २६५ ही पद्धत २०१३ साली आली. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये ती उलगडणारी खास सोय नसते, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. अशा यंत्रासाठी २००३ सालची एच २६४ बरी.

आमची फाइल तीन यंत्रांवर सारखीच अडखळली. मग मी व्हीएलसी प्लेअरमध्ये ती थांबवली आणि इंग्रजी ई हे बटण दाबत एकेक चित्र पुढे सरकवलं. आजीचा पाय पुढे, पुढे, पुढे, आणि मग एकदा तो हललाच नाही. पुन्हा पाच वेळा हलला, पुन्हा एकदा तसाच. दर सहा चित्रांत एक मागच्याचीच नक्कल होती!

श्रोतेहो, व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. आपल्याकडे दूरदर्शन, व्हीसीआर, डीव्हीडी हे सगळं सेकंदाला २५ चित्रांच्या पॅल पद्धतीचं. अमेरिकेत आणि जपानमध्ये मात्र जवळजवळ ३०. दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये ३० हा आकडा आधीच भरलेला असणार. पंचविसाचे तीस करायला पाच चित्रं आणायची कुठून? मग दर पाचव्या चित्राची नक्कल करायची. म्हणजे सेकंदाला पाच ठेचा. माणूस बसलेला असेल तर कळतही नाही. पंगतीवरून कॅमेरा सावकाश फिरतो किंवा कोणी चालत जातं, तेव्हा मात्र डोळ्यांना लगेच खुपतं.

हे दुखणं काही नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या काळात, म्हणजे १९१३च्या सुमारास, कॅमेरा हातानं फिरवत. वेग सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या आसपास, फिरवणाऱ्याच्या हाताप्रमाणे कमीजास्त. बोलपट आल्यावर तो २४ असा पक्का झाला. त्यामुळे जुने मूकपट नव्या यंत्रावर लावले की माणसं तुरुतुरु पळतात, आणि वेग सावरायला मध्ये जादा चित्रं घातली की अडखळतात.

उपाय करताना बहुतेकांची चूक इथे होते. बिघडलेली फाइलच पुन्हा बदलायला घेतात. तीसचे परत पंचवीस केले तर सॉफ्टवेअर नकलाच वगळेल याची खात्री नसते, खरी चित्रंही जातात. शिवाय दर वेळी चित्र थोडं पुसट होतं. शिजलेली भाजी पुन्हा शिजवण्यातला प्रकार. मूळ प्रतीकडेच जायला हवं.

मी डीव्हीडी मागवून घेतली आणि हँडब्रेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. तिथे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. ती दोन वेगवेगळ्या क्षणांची असल्यामुळे नुसती एकत्र केली तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. डीइंटरलेसमध्ये बॉब हा पर्याय घेतला की प्रत्येक अर्ध्याचं पूर्ण चित्र बनतं. मग चित्रांचा दर ५० निवडायचा. नवी मोबाइल फोनवरची फाइल किंवा सिनेमा असेल तर ही भानगड नको, तिथे दर मुळाइतकाच ठेवावा. फाइलचं फक्त नाव किंवा डबा बदलायचा असेल, म्हणजे एमकेव्हीचं एमपी४, तर पुष्कळदा आतल्या चित्रांना हात न लावताही काम होतं. दुकानदाराला तसं मुद्दाम सांगावं.

आणि मूळ डीव्हीडी किंवा कॅसेट दुकानातून परत आणायला विसरू नका. शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ साली उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आता शोधावी लागतात. ज्यांच्या घरी कॅसेट पडून आहे, त्यांनी तरी हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

नवी फाइल मी केळझरला पाठवली. संध्याकाळी मामींचा फोन आला. म्हणाल्या, "आता बरोबर. उजवाच पाय ओढत होत्या त्या."