विचारून गाडीत बसावं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९७ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या यशाबद्दल बोलायला सांगितलंय. मी बोलणार आहे इंटर्नशिपबद्दल, म्हणजे शिकता शिकता एखाद्या ऑफिसात पहिल्यांदा जाऊन बसण्याबद्दल. तिथं मी दोनदा चुकले. एकदा विद्यार्थिनी म्हणून आणि एकदा साहेब म्हणून.

जानेवारी २००३. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याच्या एका कंपनीत सहा महिन्यांचं प्रोजेक्ट मिळालं, बिनपगारी. अण्णांनी सोयाबीनच्या पट्टीतले दोन हजार रुपये हातात दिले आणि स्टँडवर सोडायला आले. तेव्हा धाराशिवला रेल्वे नव्हती. बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करत एस.टी.नंच जायचं. गाडीवर 'पुणे' अशी पाटी स्पष्ट होती. तरी अण्णांनी आधी एका म्हाताऱ्याला विचारलं, मग कंडक्टरला, मग ड्रायव्हरला, "पुण्यालाच जाती ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजिनिअर होणाऱ्या मुलीच्या वडिलांनी पाटी असताना विचारावं?

ऑफिसात पहिल्या दिवशी मला एक कॉम्प्युटर दिला आणि अमेरिकेतल्या ग्राहकासाठी बनवलेला कर्जाचा फॉर्म तपासायला सांगितलं. सगळे भराभर इंग्रजीत बोलायचे. "समजलं ना?" असं विचारलं की मी मान हलवायची. चहाचं मशीन कसं चालतं ते माहीत नव्हतं, म्हणून चार दिवस चहाच घेतला नाही.

फॉर्ममध्ये २५/१२/२००२ अशी तारीख टाकली की प्रोग्रॅम ती नाकारायचा. ०५/०३ टाकली की घ्यायचा, पण पाच मार्चच्या जागी तीन मे दाखवायचा. असं का होतंय, हे शेजारच्या टेबलावर विचारता आलं असतं. पण वाटलं, हसतील. मी तीन आठवडे खपून तारखेच्या चौदा चुका नोंदवल्या. त्या शोधण्यात तीन इंजिनिअरांचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी कळलं की चूक नव्हतीच. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस!

आमच्या सीनियर मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझा प्रश्न दहा सेकंदांचा होता गं." त्या रात्री मी होस्टेलवर बॅग भरून ठेवली होती. सकाळी अण्णांना एस.टी.डी.वरून फोन केला. ते म्हणाले, "समजलं न्हाई तर इचारावं. त्यात लाजायचं काय?" मी बॅग रिकामी केली.

ही गोष्ट मी पुढं वीस वर्षं हसत हसत सांगत आले. मला वाटायचं, माझा धडा शिकून झाला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये मराठवाड्यातलीच एक मुलगी इंटर्न म्हणून आली. मी तिला एक फोल्डर दिलं आणि म्हटलं, "वाच, अडलं तर सांग." ती कधी काही बोलली नाही. कधीही विचारलं की "हो मॅडम." दोन महिन्यांनी तिच्या मूल्यमापनात मी लिहिलं, 'पुढाकार कमी.' तिला नोकरी मिळाली नाही.

लॅपटॉप परत करताना तिची वही बॅगेत तशीच राहिली होती. ती माझ्याकडे आली तेव्हा उशीर झाला होता. मागच्या पानांवर एकेचाळीस प्रश्न होते, तारखांसकट. त्यातले सव्वीस तिनं स्वतः उत्तर शोधून खोडले होते. आणि मी लिहिलं होतं, पुढाकार कमी! मी शब्द मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण जागा भरली होती. तिला फोन करून माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही कायम घाईत दिसायच्या."

आता माझ्याकडे येणारा प्रत्येक इंटर्न सकाळी दहा मिनिटं समोर बसतो आणि दोन प्रश्न घेऊन येतो. 'प्रश्न नाहीत' हे उत्तर चालत नाही.

हे इथं सांगण्याला कारण आहे. आपला जिल्हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. २०२४ मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार. मुदत आधी सहा महिने होती, ती नंतर अकरा झाली. नव्या शैक्षणिक धोरणामुळं बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे आपल्या शाळेतली लेकरं आता बँकेत, पंचायत समितीत, सी.ए.च्या ऑफिसात, दवाखान्यात जाऊन बसणार. आणि त्यातल्या बऱ्याच खुर्च्यांसमोर तुम्ही बसलेले आहात.

तुम्हाला तीन विनंत्या. पहिल्या दिवशी पाणी कुठं, बाथरूम कुठं आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे दाखवा. नुसतं झेरॉक्स काढायला लावू नका. लहान का होईना, एक अख्खं काम द्या. आणि "समजलं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. "काय समजलं, ते सांग" म्हणा.

मुलांनो, आपल्याला उत्तरासाठी हात वर करायची सवय आहे, प्रश्नासाठी नाही. अर्धा तास स्वतः डोकं लावा, मग सरळ विचारा. उत्तर वहीत लिहा, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही. आणि वही मिटून ठेवू नका. माझ्यासारखा घाईतला साहेब भेटला, तर त्याच्या टेबलावर उघडून ठेवा.

आमच्या तुकडीतल्या सात जणांनी आपले फोन नंबर शाळेच्या कार्यालयात दिले आहेत. पहिल्या ऑफिसात अडलात, तर यातल्या कुणालाही फोन करा. प्रश्न कितीही साधा असो.

अण्णांना पाटी वाचता येत होती. तरी ते विचारायचे, आणि चुकीच्या गाडीत कधी बसले नाहीत.