अशक्य मानलेला स्फटिक



हीरक महोत्सवी वर्षात हिऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. हिरा हा स्फटिक. त्यात कार्बनचे अणू काटेकोर शिस्तीत बसलेले असतात. प्रयोगशाळेत दोऱ्याला टांगून तुरटीचा खडा वाढवणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही शिस्त परिचित असते. पदार्थ स्फटिकरूपात मिळाला, की क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील अणूंच्या जागा शोधता येतात. प्रकाशसंश्लेषणाचे गूढ उकलण्याचे काम मात्र नेमके येथेच अडले होते.

प्रकाशाचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर करणारी प्रथिने पेशीच्या स्निग्ध पटलात रुतलेली असतात. ती पाण्यात सहजी विरघळत नाहीत. म्हणून त्यांचे स्फटिक होणे अशक्य, असा समज १९७० च्या दशकात रूढ होता.

जर्मनीतील तरुण संशोधक हार्टमुट मिशेल यांना तो पटला नाही. १९७९ मध्ये शीतपेटीत ठेवलेल्या एका पटल-प्रथिनाच्या नमुन्यात त्यांना काचेसारखे घट्ट कण आढळले. ते अभ्यासयोग्य स्फटिक नव्हते, पण आशेला आधार मिळाला. त्या प्रथिनाने पुढेही पुरती दाद दिली नाही. तेव्हा मिशेल ‘ऱ्होडोस्यूडोमोनास व्हिरिडिस’ या जीवाणूकडे वळले. त्याच्या प्रथिनाचा स्निग्ध भाग साबणासारख्या रेणूंनी वेढून त्यांनी सुबक स्फटिक मिळवले. १९८२ मध्ये ते जगापुढे आले. म्युनिकजवळच्या मार्टिन्स्रीड येथील माक्स प्लांक संस्थेत योहान डायझनहोफर आणि रॉबर्ट हुबर यांच्या सहकार्याने त्यातील दहा हजारांहून अधिक अणूंची मांडणी उलगडली. १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

त्या मांडणीत काय दिसले? प्रथिनाच्या गाभ्यात हरितद्रव्याच्या दोन रेणूंची जोडी आहे. प्रकाशाची ऊर्जा तिच्यापर्यंत पोहोचताच एक इलेक्ट्रॉन उसळतो. तो माघारी पडला, तर मिळालेली ऊर्जा वाया जाईल. परंतु पुढचे रेणू इतक्या नेमक्या अंतरावर आहेत, की सुमारे ३ पिकोसेकंदांत तो पहिला टप्पा ओलांडतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! पुढचा टप्पा तो सुमारे २०० पिकोसेकंदांत गाठतो. दरम्यान त्याची रिकामी झालेली जागा शेजारच्या प्रथिनाकडून आलेला दुसरा इलेक्ट्रॉन भरून काढतो. परतीच्या वाटेपेक्षा पुढची वाट नेहमीच जलद. म्हणून केंद्रात पोहोचलेला प्रकाशाचा जवळजवळ प्रत्येक कण सार्थकी लागतो.

आणखी एक नवल म्हणजे, या केंद्रात इलेक्ट्रॉनसाठी जवळजवळ एकसारख्या दोन वाटा आहेत. तो मात्र त्यांपैकी एकच धरतो. हिरव्या वनस्पतींतील एका प्रकाशकेंद्राची घडणही या जीवाणूच्या केंद्राशी नाते सांगते. त्यामुळे डबक्यातल्या या सूक्ष्म जीवाने शेतातल्या पिकाचे रहस्यही काही अंशी उघड केले.

विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘अशक्य’ हा शब्द आला, तर शिक्षकाने त्यापुढे एकच प्रश्न लिहावा: ‘करून पाहिले का?’ मिशेल यांनी करून पाहिले; पहिला पदार्थ साधला नाही, तेव्हा दुसरा घेतला. तुरटीचा दोरा रोज हलवणाऱ्या मुलाचा खडा वाढत नाही. जो वाट पाहतो आणि फसल्यास नवे द्रावण करतो, त्याचाच वाढतो. या शाळेच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकापाशी एवढे धैर्य असावे, हीच या प्रसंगी सदिच्छा.