आमच्या तालमीचा संघ



मला फुटबॉलवर चार शब्द बोलायला सांगितलंय. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आधी तालमींची, मग संघांची.

आमच्या वेळी अकराच्या अकरा पोरं गल्लीतली. शाहू स्टेडियमवर हरलो, की दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा 'पेनल्टी का घालवलीस?' म्हणून जाब विचारायचा. तो त्याचा हक्कच होता.

आज माझ्या जुन्या संघात अकरापैकी सात बाहेरचे, काही परदेशातले. ती पोरं गुणी आहेत, जीव तोडून खेळतात. त्यांना दोष नाही. पण हंगाम संपला की ती जातात, आणि पेठेतली पोरं बाकावर, नाहीतर गॅलरीत. हे ठरवणाऱ्या कमिटीत मीही होतो. चषकाच्या मोहापायी मीही हात वर केला. चषक आला. मिरवणूक निघाली, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "ह्यातलं आपलं पोरगं कुठलं?" मला सांगता आलं नाही.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे पोरं आहेत. मैदानात उतरवायला हवीत.

निम्मा संघ पेठेचा हवा, असं मी तालमीच्या बैठकीत सांगितलंय. मानतील, न मानतील. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मी असतोच. नातवंडं पाठवा. बूट नसले तरी चालतील.