श्रेयांकांचा फेरफार
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



सूसची खिंड ओलांडून पुणे शहर ज्या वेगाने आमच्या नांदे गावात उतरू लागले आहे, तो पाहता पारावर बसणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांच्यापेक्षा गुंठा, सातबारा आणि फेरफार हे शब्द अधिक यावेत, यात नवल नाही. त्याच मंडळींपैकी एक गृहस्थ मागच्या पावसाळ्यात, भिजलेली छत्री ओट्याला टेकवून, घरात आले आणि बगलेतील कागदांचे पुडके माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, जमिनीच्या फेरफाराला हरकतीची मुदत पंधरा दिवस. पोरीच्या फिजिक्सला तीन महिने झाले. हरकत कुणाची आहे, तेवढं तरी सांगा."

मुलीने परप्रांतातील एका विद्यापीठात पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.ची तीन सत्रे पुरी केली होती, आणि घरच्या अडचणीमुळे आता तिला उरलेले शिक्षण पुण्याकडे करावयाचे होते. पुडक्यात काही उणे नव्हते. महाविद्यालय सोडल्याचा दाखला होता, मुले ज्याला नुसते 'मायग्रेशन' म्हणतात ते स्थलांतर प्रमाणपत्र होते, गुणपत्रिका होत्या, अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत होती; आणि सर्वांच्या तळाशी, कोणीही मागितली नसताना, तिची प्रयोगांची जर्नल होती.

विद्यार्थ्याने विद्यापीठ बदलावे ही गोष्ट आपल्याकडे अद्याप काहीशी संशयास्पद मानली जाते. परंतु विद्यार्थी जागचा न हलता विद्यापीठच त्याच्या पायाखालून सरकावे, असे या प्रांतात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. १९४९ साली पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले, तेव्हा फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील लंबक त्याच भिंतींवर झुलत राहिले, पण त्यांच्यावरील मुंबई विद्यापीठाचा अंमल संपला. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची महाविद्यालये पुण्याच्या दप्तरातून कोल्हापूरच्या दप्तरात गेली. पुढे १९९० साली जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुण्यापासून सुटले आणि २००४ साली सोलापूर कोल्हापूरपासून. या साऱ्या घडामोडींत गुरुत्वत्वरणाने आपले मूल्य बदलले नाही, हे विज्ञानाचे उपकारच म्हणायचे. अशा प्रसंगी आधीच शिकत असलेल्या मुलांसाठी संक्रमणाची कलमे कायद्यातच घातली जातात. सबंध जिल्हा हलतो तेव्हा सरकार कलम घालते. एकटी मुलगी हलते तेव्हा तिने अर्ज घालावयाचा असतो.

आमच्या विद्यार्थिदशेत 'टर्म भरणे' हा शब्दप्रयोग होता. आता त्याच्या जागी श्रेयांक आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी विनियम जारी करून श्रेयांकांची बँक काढली, जिला मुले 'एबीसी' म्हणतात. या बँकेत विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काही जमा करता येत नाही, संस्थेनेच नोंद करावी लागते. जमा सात वर्षांपर्यंत टिकते. आणि पदवी मिळवावयाची तर निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेत कमवावे लागतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने १२०० तासांचे वर्ष ४० श्रेयांकांचे धरले आहे, म्हणजे एका श्रेयांकास ३० तास. हे आमच्या पाहुण्यांना सांगताच ते क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे ४० गुंठ्यांचा एकर!"

पारावरचा माणूस मर्मावर बोट ठेवतो ते असे. गुंठा क्षेत्र सांगतो; त्या क्षेत्रात भात आहे की खडक, हे गुंठ्याला ठाऊक नसते. मुलीचे श्रेयांक क्षेत्रफळाने बरोबर जुळत होते. पण मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा असे दिसले की तिच्या जुन्या विद्यापीठात उष्मागतिकी तिसऱ्या सत्रात आणि विद्युत व चुंबकत्व चौथ्या सत्रात होते, तर नव्या ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होता. चौथ्या सत्रात तिला सरळ बसविले असते, तर ती उष्मागतिकी दोनदा शिकली असती आणि विद्युत व चुंबकत्व एकदाही नाही; आणि बेरीज मात्र निर्दोष आली असती. पदार्थविज्ञान हा जिन्यासारखा विषय आहे. मधली पायरी नसली, तर मॅक्सवेलच्या समीकरणांपाशी पाय कोठे ठेवावा, हे त्या मुलीला पदवीचे प्रमाणपत्र सांगणार नाही.

हे पाहण्यास तीन महिने लागत नाहीत, एक दुपार लागते. मात्र ती दुपार विषय जाणणाऱ्याची असावी लागते. हरकत कोणाचीच नव्हती. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता आणि प्रत्येक ठिकाणी फक्त बेरीज तपासली जात होती. युरोपात १९८९ पासून इरॅस्मस योजनेखाली श्रेयांकांची देवघेव चालते, ती तात्पुरत्या मुक्कामासाठी असली तरी तिच्यातील एक रीत मला फार शहाणपणाची वाटते: विद्यार्थी निघण्यापूर्वीच, तो तेथे काय शिकणार आणि त्यातले काय मान्य होणार, याचा लेखी करार विद्यार्थी आणि दोन्ही संस्था यांच्यात होतो. आमच्या नांद्याच्या शेजारी लवळे येथे सिंबायोसिस हे अभिमत विद्यापीठ आहे, त्याच लवळ्यात फ्लेम हे खासगी विद्यापीठ आहे, आणि जवळच पिरंगुटचे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. सायकलीवरून हिंडता येईल एवढ्या टापूत तीन तऱ्हेच्या विद्यापीठांची हद्द लागते. पण तीन अभ्यासक्रम एका टेबलावर ठेवून वाचण्याचा प्रघात कोठे पडलेला मी पाहिला नाही.

अखेरीस नव्या ठिकाणच्या पदार्थविज्ञान विभागाच्या प्रमुखांकडे मीच मुलीला घेऊन गेलो आणि अभ्यासक्रमाच्या आधी जर्नल पुढे केली. तीत दंडलंबकाचा आलेख होता, न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग होता, आणि एका पानावर चुकलेले वाचन खोडून न टाकता त्यावर नुसती आडवी रेघ मारून, शेजारी ते का चुकले हे लिहिलेले होते. प्रमुखांनी ते पान दोनदा वाचले. उष्मागतिकीची सूट त्यांनी तेथल्या तेथे शिफारशीत लिहिली, आणि विद्युत व चुंबकत्वाच्या तासांना पुढल्या विषम सत्रात एक वर्ष मागच्या मुलांबरोबर बसण्याचे ठरले.

तोवर दर रविवारी ती आमच्या ओट्यावर येते. गेल्या आठवड्यात गाउसच्या नियमापाशी आम्ही अडलो होतो. वडील बाहेर उभे राहून ऐकत होते. जाताना त्यांनी एवढेच विचारले, की हा गाउस सातबाऱ्यावर कधी चढायचा.